डॅनियल ओडॉनेल: किनकासलाचा गायक आणि त्याचे श्रोते

अनुनाद:

९ फेब्रुवारी १९८३ रोजी डॅनियल ओडॉनेल या एकवीस वर्षांच्या आयरिश तरुणाने पदरचे १,२०० पौंड खर्चून दोन गाणी ध्वनिमुद्रित करून घेतली, आणि तबकडी निघाल्यावर ती स्वतःच लोकांना विकली. त्यातले मुख्य गाणे होते 'माय डॉनेगल शोअर'. पाठीशी ना कंपनी होती, ना व्यवस्थापक. याच गायकाने पुढे १९८८पासून दरवर्षी ब्रिटनच्या अल्बमविक्रीच्या तक्त्यात नवा अल्बम नोंदवला, आणि सलग पंचवीस वर्षे असे करणारे ते पहिले कलाकार असल्याची नोंद २०१२ मध्ये झाली. लंडन-न्यूयॉर्कच्या संगीतसमीक्षकांनी ज्यांना क्वचितच गांभीर्याने घेतले, अशा गायकाच्या नावावर हा विक्रम असावा, याचे कारण समजून घेण्यासाठी हा धागा काढत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे: ओडॉनेल यांचे सामर्थ्य त्यांच्या गळ्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, श्रोत्याशी जोडलेल्या नात्यात आहे, आणि ते नाते ज्या मुलखात ते वाढले त्या मुलखाच्या स्थलांतराच्या इतिहासातून आलेले आहे.

आयर्लंडच्या वायव्य टोकाला डॉनेगल परगणा आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावरचा 'द रॉसेस' नावाचा भाग खडकाळ असून जमीन तुटपुंजी आहे, आणि त्याच भागात किनकासला हे छोटे गाव आहे. ओडॉनेल यांचा जन्म १२ डिसेंबर १९६१ चा. पाच भावंडांत ते धाकटे. आई ज्युलिया समोरच्या ओई बेटावरची. त्या बेटावरची कायमची वस्ती सत्तरच्या दशकात उठली. वडील फ्रान्सिस कामासाठी स्कॉटलंडमधल्या शेतांवर जात असत. डॉनेगलच्या कित्येक पिढ्यांनी हेच केले. पुरुष बटाट्याच्या काढणीला जायचे, मुली हेरिंग मासे साफ करण्याच्या कामाला जायच्या, आणि तिकडून येणाऱ्या पैशांवर इकडची चूल पेटायची. डॅनियल सहा वर्षांचे असताना वडील हृदयविकाराच्या झटक्याने गेले. वर्षातला मोठा काळ दूर असणारा बाप कायमचाच दूर गेला, तेव्हा घर आईने आणि मोठ्या मुलीने सांभाळले. ही मोठी मुलगी म्हणजे मार्गारेट. 'मार्गो' या नावाने ती तोपर्यंत गायिका म्हणून उभी राहू लागली होती.

शालेय शिक्षण संपल्यावर डॅनियल गॉलवेच्या तंत्रमहाविद्यालयात गेले. पुढे शिक्षक व्हावे असा विचार होता. तिथे मन रमले नाही, आणि जानेवारी १९८१ मध्ये ते मार्गोच्या वाद्यवृंदात दाखल झाले. दोन वर्षे बहिणीच्या मागे उभे राहून त्यांनी रस्त्यावरचे आयुष्य पाहिले: रात्री उशिरा संपणारे नृत्याचे कार्यक्रम, पहाटेचा परतीचा प्रवास, आणि गाणे संपल्यावर व्यासपीठाजवळ रेंगाळणारी माणसे. त्यानंतर वर सांगितलेली तबकडी निघाली आणि 'कंट्री फीव्हर' हा स्वतःचा वाद्यवृंद उभा राहिला. तो फार टिकला नाही. आर्थिकदृष्ट्या ही वर्षे ओढाताणीचीच होती. १९८६च्या सुमारास रिट्झ रेकॉर्ड्सचे मिक क्लर्किन यांचे पाठबळ आणि शॉन रायली यांचे व्यवस्थापन मिळाल्यावर गाडी रुळावर आली. १९८८च्या 'फ्रॉम द हार्ट' या अल्बमने ब्रिटनच्या सर्वसाधारण तक्त्याचे दार उघडले.

या काळातला एक बदल मला फार महत्त्वाचा वाटतो. आयर्लंडमधला कंट्री (म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेल्या शैलीत गाणारा) गायक हा मुळात नृत्यासाठी गाणारा गायक असतो. जोडप्यांचे पाय थिरकत राहावेत हे त्याचे पहिले काम. ओडॉनेल यांनी हळूहळू नृत्यगृहांपेक्षा खुर्च्या मांडलेल्या सभागृहांतल्या मैफलींवर भर दिला. पूर्वी जो श्रोता त्यांच्याकडे पाठ करून नाचत असे, तो आता समोर बसून ऐकू लागला. ज्यांना नाचायला जोडीदार उरला नव्हता, ज्यांचे गुडघे साथ देत नव्हते, ज्या विधवा होत्या किंवा मुले परदेशी गेल्यामुळे एकट्या पडल्या होत्या, अशा स्त्रियांना या मैफलींत प्रथमच हक्काची जागा मिळाली. करमणुकीच्या व्यवसायाने ज्यांना गिऱ्हाईक म्हणूनही मोजले नव्हते, त्यांच्यासाठी एक गायक तन्मयतेने गात होता.

मैफल संपल्यावर ते थांबत, आणि रांगेतल्या प्रत्येकाशी हस्तांदोलन करत. याला अनेकदा तासन् तास लागत. वर्षानुवर्षे येणाऱ्यांची नावे, त्यांच्या घरचे आजारपण, गेलेल्या माणसांची आठवण हे सारे त्यांच्या लक्षात राही. उन्हाळ्यात डनलो या जवळच्या गावी 'मेरी फ्रॉम डनलो' हा उत्सव भरतो. त्या दिवसांत ते किनकासलातल्या घरी चाहत्यांना चहाला बोलावत. लोक हजारोंनी येत, आणि त्यांच्या गाड्यांनी अरुंद रस्ता भरून जाई. अखेर गर्दी आवरेनाशी झाल्यावर ही प्रथा थांबवावी लागली. ज्याला हे प्रसिद्धीचे तंत्र म्हणायचे असेल त्याने म्हणावे. पण एवढी वर्षे एवढ्या सातत्याने पाळलेल्या गोष्टीला मी तंत्र म्हणणार नाही. दूरवरून आलेल्या माणसाला चहा विचारल्याशिवाय जाऊ द्यायचे नाही, हा त्या मुलखातल्या कुठल्याही घराचा रिवाज आहे. ओडॉनेल यांनी तो प्रसिद्धी मिळाल्यावरही सोडला नाही, एवढेच.

मंद्रसप्तक:

लेख आवडला, पण काही गोष्टी पटल्या नाहीत. स्थलांतर आणि श्रोत्याशी नाते हे सारे मान्य केले, तरी शेवटी गायकाचे मोजमाप गाण्यानेच व्हायला हवे. मी ओडॉनेल यांची बरीच ध्वनिमुद्रणे ऐकली आहेत. त्यातली पुष्कळशी गाणी अमेरिकी गायकांनी आधी गायलेली आहेत. आवाज गोड आहे, शब्दोच्चार स्वच्छ आहेत, पण अमेरिकी कंट्रीमध्ये जो खरखरीतपणा असतो, दारू, तुरुंग, तुटलेली लग्ने यांतून आलेली जी धग असते, ती इथे कुठेच नाही. साऱ्या दुःखाच्या कडा घासून गुळगुळीत केलेल्या आहेत. याला कंट्री तरी का म्हणावे? आणि आयर्लंडचे स्वतःचे एवढे समृद्ध लोकसंगीत असताना, डॉनेगलच्याच ग्वीडोरमधून क्लॅनड आणि एन्या यांच्यासारखे कलाकार आलेले असताना, त्या मुलखाचा प्रतिनिधी म्हणून अमेरिकेची उसनी शैली गाणाऱ्याकडे का पाहावे?

अनुनाद:

@मंद्रसप्तक, आपले आक्षेप महत्त्वाचे आहेत आणि त्यांचे उत्तर देण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

पन्नास-साठच्या दशकांत आयर्लंडभर मोठमोठी नृत्यगृहे उभी राहिली आणि त्यांत 'शोबँड' म्हणून ओळखले जाणारे वाद्यवृंद वाजवू लागले. या नृत्यगृहांत मद्य मिळत नसे, लेमोनेड आणि चहा मिळे. एका बाजूला मुली उभ्या, दुसऱ्या बाजूला मुलगे. ग्रामीण आयर्लंडमधली असंख्य लग्ने तिथे जुळली. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले अल्बर्ट रेनॉल्ड्स यांनी आपल्या भावाबरोबर अशाच नृत्यगृहांची साखळी चालवून व्यवसायात जम बसवला होता, यावरून या उद्योगाचा आवाका लक्षात यावा. १९६३ मध्ये अमेरिकी गायक जिम रीव्ह्ज यांनी आयर्लंडचा दौरा केला. त्यांचा शांत, गुळगुळीत, मखमली आवाज आयरिश श्रोत्याच्या मनात कायमचा बसला. पुढच्याच वर्षी ते विमान अपघातात गेले, आणि त्यांना वाहिलेल्या श्रद्धांजलीच्या गाण्याने लॅरी कनिंगहॅम हे आयरिश गायक ब्रिटनच्या तक्त्यात पोहोचले. म्हणजे ज्याला आपण कडा घासणे म्हणता, तो आयर्लंडने अमेरिकी कंट्रीमधून जाणीवपूर्वक निवडलेला धागा आहे. हँक विल्यम्स या अमेरिकी कंट्री गायकाची धग इथे माहीत होती, पण घराघरांत नांदले ते रीव्ह्ज.

दुसरा भाग आशयाचा. मोनाहन परगण्यातल्या कॅसलब्लेनीजवळचे टॉम मॅकब्राइड, म्हणजेच 'बिग टॉम', यांनी तरुणपणी ब्रिटनमध्ये मजुरी केली, आणि परत येऊन १९६६ मध्ये आईवरच्या एका गाण्याने देश जिंकला. लंडनमध्ये राहून लिहिणारे जॉनी मॅकॉली यांनी आयर्लंडमधल्या गावांची, डोंगरांची, रस्त्यांची नावे गुंफून कंट्रीच्या चालीवर गाणी रचली. बिग टॉम यांनी गायलेले 'फोर कंट्री रोड्स' मॅकॉली यांचेच, आणि ओडॉनेल यांनी पदरमोड करून मुद्रित केलेले 'माय डॉनेगल शोअर' हेही त्यांचेच. ही गाणी लंडनच्या क्रिकलवुडमधल्या गॉल्टीमोरसारख्या नृत्यगृहांत, दिवसभर बांधकामावर राबलेल्या आयरिश मजुरांपुढे आणि परिचारिकांपुढे गायली जात. त्या माणसाला अमेरिकेतल्या तुरुंगाचे किंवा टेक्ससमधल्या दारूगुत्त्याचे वर्णन नको होते. त्याला आपल्या गावाचे नाव कोणीतरी मोठ्याने उच्चारलेले हवे होते. चाल अमेरिकेतून आली असेल, पण त्यातली विरहाची भावना उसनी नाही. शिवाय अमेरिकी कंट्रीच्या मुळाशी अठराव्या शतकात आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातून अमेरिकेतल्या ॲपलाचिया या डोंगराळ भागात गेलेल्या लोकांची फिडल (व्हायोलिन) आणि कथागीतेही आहेत. तेव्हा कोणी कोणाकडून उसने घेतले याचा हिशेब सरळ नाही.

'याला कंट्री का म्हणावे' हा प्रश्न प्रत्यक्षात अधिकृतरीत्याही उपस्थित झाला होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनच्या कंट्री अल्बमच्या तक्त्यात ओडॉनेल यांचे अनेक अल्बम एकाच वेळी वर ठाण मांडून बसले, तेव्हा हे कंट्री नव्हे असे म्हणून त्यांना तक्त्यातून वगळण्यात आले. चाहते आणि व्यवसायातले लोक यांनी हरकत घेतल्यावर त्यांना परत घ्यावे लागले. याच सुमारास त्यांचा 'द लास्ट वॉल्ट्झ' हा अल्बम नॅशव्हिल या अमेरिकी कंट्रीच्या माहेरघरात ॲलन रेनॉल्ड्स यांच्या निर्मितीखाली तयार झाला होता. डॉन विल्यम्स आणि गार्थ ब्रुक्स या अमेरिकी कंट्री गायकांबरोबर काम केलेल्या माणसाला ज्यात कंट्री दिसली, तिथे तक्ता करणाऱ्यांना ती दिसू नये, हे मला पटत नाही.

दुसऱ्याची गाणी गाण्याबद्दल एक उदाहरण देतो. जॉन प्राइन आणि रॉजर कुक यांनी लिहिलेले 'आय जस्ट वॉन्ट टू डान्स विथ यू' हे गाणे प्राइन यांनी १९८६ मध्ये गायले. ओडॉनेल यांनी ते १९९२ मध्ये ब्रिटनच्या पहिल्या विसात नेले. जॉर्ज स्ट्रेट यांनी ते अमेरिकेच्या कंट्री तक्त्यात पहिल्या क्रमांकावर नेले, तेव्हा १९९८ साल उजाडले होते. तिघांचीही गायकी ऐकून पाहा. प्राइन मिस्किल आहेत, स्ट्रेट रुबाबदार आहेत, आणि ओडॉनेल विनवणी करतात. नाचायला विचारताना नकार मिळेल की काय, ही धाकधूक मला फक्त त्यांच्याच आवाजात ऐकू येते. ज्याने आयरिश नृत्यगृहांत रात्री काढल्या आहेत त्याला ती धाकधूक ठाऊक असणारच.

केवडा:

मी गेली काही वर्षे डॉनेगलमध्ये परिचारिका म्हणून काम करते आणि माझा बहुतेक वेळ वृद्धांबरोबर जातो. इथे सकाळी लेटरकेनीचे हायलँड रेडिओ लावलेले असते. त्यावर परगण्यातल्या मृत्युवार्ता वाचल्या जातात आणि त्या वेळी खोलीत कोणी बोलत नाही. त्यानंतर गाणी सुरू होतात, आणि त्यांत डॅनियल, मार्गो, बिग टॉम, फिलोमिना बेग्ली ही नावे असतातच. इथली माणसे त्यांना नुसते 'डॅनियल' म्हणतात, आडनाव लागत नाही.

श्रोत्यांमधल्या ज्येष्ठ स्त्रियांविषयी आपण लिहिले आहे, त्यात मला भर घालायची आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या काही आजींना नातवंडांची नावे आठवत नाहीत, पण गाण्याचे कडवे सुरू झाले की त्या शेवटपर्यंत शब्द सोडत नाहीत. यात गायकाचा स्वच्छ उच्चार आणि न बदलणारी लय यांचा वाटा आहे, असे मला वाटते. मंद्रसप्तक यांना जो गुळगुळीतपणा खटकतो, त्यामुळेच ही गाणी लोकांच्या तोंडी बसली आहेत आणि शेवटपर्यंत टिकली आहेत.

माझे माहेर रत्नागिरी जिल्ह्यातले आहे. मुंबईच्या चाकरमान्याच्या मनीऑर्डरवर चाललेली घरे पाहत मी मोठी झाले. त्यामुळे स्कॉटलंडला गेलेल्या पुरुषांची आणि मागे राहिलेल्या बायकांची गोष्ट मला कोणी समजावून सांगावी लागली नाही.

पाऊलवाट:

मार्गो यांचा उल्लेख दोनदा आला, पण ओझरता. भाऊ एवढा मोठा झाल्यावर बहिणीचे काय झाले? त्यांच्याविषयी अधिक वाचायला आवडेल.

अनुनाद:

@केवडा, आपला प्रतिसाद माझ्या लेखापेक्षा मोलाचा आहे. मनापासून आभार.

@पाऊलवाट, आपण योग्य जागी बोट ठेवले आहे. मार्गो यांचा जन्म १९५१ चा. वयाच्या तेराव्या वर्षी त्या 'कीनोट्स' या स्थानिक शोबँडमध्ये गाऊ लागल्या. त्यांची पहिली तबकडी १९६८ मध्ये निघाली, आणि वडीलही त्याच वर्षी गेले. सतरा वर्षांच्या मुलीवर एकाच वर्षी कीर्ती आणि घराची जबाबदारी दोन्ही येऊन पडल्या. सत्तरच्या दशकात त्या आयर्लंडच्या सर्वांत लोकप्रिय कंट्री गायिकांपैकी एक होत्या, आणि तोही काळ असा की वाद्यवृंद, नृत्यगृहांचे मालक, कंपन्या, हिशेब हे सारे पुरुषांच्या हाती होते. पुढे दारूच्या व्यसनाशी आपल्याला झगडावे लागले हे त्यांनी स्वतः मोकळेपणाने सांगितले आहे. त्यांच्या आवाजात भावापेक्षा अधिक खोली आहे आणि थोडा करडेपणाही आहे; मंद्रसप्तक यांना जे हवे आहे ते कदाचित तिथे सापडेल. डॉली पार्टन यांच्याबरोबरही त्यांनी एक युगुलगीत गायले आहे.

माझ्या मते डॅनियल यांच्या कारकिर्दीचा पाया मार्गो यांनी घातला. वाद्यवृंदातली जागा दिली म्हणूनच केवळ नव्हे. बहिणीची दमणूक, व्यवसायातली फसगत, आणि गर्दीच्या मध्यभागी असलेले एकटेपण त्यांनी जवळून पाहिले होते. पुढे ते मद्यापासून दूर राहिले, व्यवस्थापनाचे काम विश्वासू माणसाकडे सोपवून दशकानुदशके त्याच्याबरोबर राहिले, आणि थकवा असह्य झाला तेव्हा नव्वदच्या दशकाच्या आरंभी काही महिने गाणे पूर्ण थांबवण्याचे धैर्य दाखवले. या शहाणपणाची किंमत आधी बहिणीने मोजली होती, असे मला वाटत राहते.

उरलेली वाटचाल थोडक्यात सांगतो. १९९८ मध्ये 'गिव्ह अ लिटल लव्ह' हे गाणे ब्रिटनच्या पहिल्या दहात गेले. त्याचे उत्पन्न रोमानियातल्या अनाथ मुलांच्या कामासाठी होते, आणि त्या कामात ते पुढेही गुंतलेले राहिले. २००२ मध्ये त्यांना ब्रिटनचा मानद एमबीई हा नागरी सन्मान मिळाला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये किनकासलातच मजेला यांच्याशी त्यांचा विवाह झाला. अमेरिकेत सार्वजनिक दूरचित्रवाणीने त्यांच्या मैफली दाखवल्या आणि मिसूरीतल्या ब्रॅन्सन या शहरात त्यांचे कार्यक्रम नेमाने होऊ लागले. २०१३ मध्ये मजेला यांना स्तनाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले, तेव्हा दोघांनी ते लपवले नाही. पुढच्या वर्षी आई ज्युलिया गेल्या. २०१५ मध्ये त्यांनी बीबीसीच्या नृत्यस्पर्धेत भाग घेतला आणि ते लवकर बाहेर पडले.

उपहासही पुष्कळ झाला. १९९६ मध्ये एका गाजलेल्या विनोदी मालिकेत त्यांच्यावर बेतलेले एक पात्र आले आणि ते आजही लोकांच्या तोंडी आहे. त्या थट्टेचा खरा रोख आजीच्या वयाच्या चाहत्यांवर होता, आणि म्हणून मला ती आवडत नाही. विशीतल्या मुली एखाद्या गायकासाठी रात्रभर रांगेत उभ्या राहिल्या तर त्याला तारुण्य म्हणायचे आणि साठीतल्या स्त्रिया उभ्या राहिल्या तर हसायचे, यात न्याय नाही.

मंद्रसप्तक:

अनुनाद आणि केवडा, दोघांनीही सविस्तर लिहिल्याबद्दल आभारी आहे. जिम रीव्ह्ज यांच्या दौऱ्याचा संदर्भ मला माहीत नव्हता आणि त्याने या गायकीची कुळी स्पष्ट झाली. माझा एक आक्षेप मात्र कायम आहे. नव्वदनंतरच्या ध्वनिमुद्रणांतली सिंथेसायझरची सजावट आवाजाला झाकून टाकते. एवढा स्पष्ट आवाज असताना त्याभोवती साधी गिटार आणि फिडल पुरली असती. ज्याने हा गायक अजिबात ऐकलेला नाही त्याने कुठून सुरुवात करावी, हे आपण सुचवाल का?

अनुनाद:

वाद्ययोजनेबद्दल मी आपल्याशी सहमत आहे. काही अल्बम त्यामुळे कालबाह्य वाटतात, आणि लोकप्रिय जुन्या गाण्यांच्या त्यांच्या संग्रहांपैकी निम्मे तरी वगळले असते तर चालले असते.

सुरुवात 'माय डॉनेगल शोअर'पासूनच करावी. त्यात आवाज कोवळा आहे, पण गाण्याचा हेतू तिथेच कळतो. त्यानंतर 'द लास्ट वॉल्ट्झ' अल्बम घ्यावा, कारण नॅशव्हिलच्या वादकांनी तिथे आवाजाला मोकळी जागा दिली आहे आणि आपली तक्रार तिथे फारशी लागू होणार नाही. मीथ परगण्यातल्या मेरी डफ यांच्याबरोबरची युगुलगीते अवश्य ऐकावीत. दोन समजूतदार आवाज एकमेकांना जागा देत कसे गातात, याचा तो चांगला नमुना आहे. मग एखाद्या मैफलीचे चित्रीकरण पाहावे. गाण्यांच्या मधले बोलणे वगळू नये, आणि कॅमेरा प्रेक्षकांकडे वळतो तेव्हा त्यांचे चेहरेही पाहावेत. त्याच बैठकीत मार्गो यांची सत्तरच्या दशकातली दोन-तीन गाणी लावली, तर भावाने काय घेतले आणि काय बदलले हे कानाला आपोआप कळेल.